जुनी ब्रँच कोण सांभाळणार?

आमच्या प्रकल्पाच्या गेल्या बैठकीत तीन तास एकाच गोष्टीवर खल झाला: ब्रँच, म्हणजे एकाच कोडच्या समांतर चालणाऱ्या शाखा, किती ठेवायच्या. एका बाजूचं म्हणणं, मेन, म्हणजे मुख्य, ही एकच ब्रँच पुरे. सगळ्यांनी रोज आपलं काम तिथेच मर्ज करावं, म्हणजे मिसळावं, आणि अर्धवट फीचर फ्लॅगमागे, म्हणजे चालू-बंद करायच्या खिट्टीमागे, झाकून ठेवावं. दुसऱ्या बाजूने फळ्यावर डेव्हलप (नवं काम), रिलीज (लोकांना द्यायचं व्हर्जन), हॉटफिक्स (तातडीची दुरुस्ती) अशा ब्रँचच्या रंगीत रेघा काढल्या आणि शिस्त हवी असेल तर हेच, असं ठासून सांगितलं. दोन्हीकडची माणसं जाणती आहेत, तळमळीने बोलत होती. पण आपलं सॉफ्टवेअर आज कुणाकुणाच्या मशीनवर कुठल्या व्हर्जनचं चालू आहे, आणि त्या व्हर्जनमध्ये उद्या बग निघाला तर रात्री कोण बसणार, हे तीन तासांत एकदाही कुणी विचारलं नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. मुक्त, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात रिलीज केलेली प्रत्येक ब्रँच हा वापरणाऱ्याला दिलेला शब्द असतो. तो पाळायला हात किती आहेत हे मोजून ब्रँचची संख्या ठरवावी, आणि शब्दाची मुदत ब्रँच काढतानाच जाहीर करावी. ब्रँच जोडायला रीबेस वापरायचं की मर्ज, रेघा किती आणि कुठल्या रंगाच्या, हे सगळं त्यानंतरचं.

त्या रंगीत रेघांचा आराखडा विन्सेंट ड्रिसेन या डच प्रोग्रॅमरने जानेवारी २०१० मध्ये मांडला आणि गिटफ्लो या नावाने तो जगभर गेला. दहा वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, त्यानेच आपल्या लेखाच्या सुरुवातीला एक टीप जोडली. सतत डिप्लॉय होणाऱ्या, म्हणजे सर्व्हरवर सारखं नवं व्हर्जन चढणाऱ्या, वेब ॲपसाठी याहून सोपी पद्धत वापरा, असं त्याने सांगितलं; मात्र ज्या सॉफ्टवेअरला व्हर्जन नंबर असतात आणि ज्याची अनेक व्हर्जन्स एकाच वेळी लोकांकडे चालू असतात, तिथे ही पद्धत अजून उपयोगी पडू शकते, असंही लिहिलं. मेनवाले या टीपेचा पहिला अर्धा भाग सांगत फिरतात, रेघांवाले दुसरा. खरी खुबी दोन्ही अर्ध्यांच्या मधे आहे. वेबसाइटचं एकच व्हर्जन जिवंत असतं आणि सर्व्हर आपल्या ताब्यात असतो. मोठ्या कंपन्या हजारो इंजिनियर एकाच ट्रंकवर, म्हणजे मेन ब्रँचवर, ठेवू शकतात, कारण जुनं व्हर्जन बंद करण्याचं बटण त्यांच्याच हातात असतं. आपल्याकडे ते बटण आहे का?

आमचं सॉफ्टवेअर छोट्या कारखान्यांच्या स्टोअरमधला साठा नोंदवतं. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये ते साडेतीन वर्षांपूर्वीच्या व्हर्जनवर चालू आहे. तिथल्या मॉनिटरच्या खालच्या कडेला खोक्याच्या पुठ्ठ्याचा एक तुकडा सेलोटेपने चिकटवलाय आणि त्यावर मार्करने लिहिलंय, ‘अपडेट करू नये. विचारल्याशिवाय हात लावू नये.’ अक्षर स्टोअर सांभाळणाऱ्या काकांचं. मी नव्या व्हर्जनमधल्या सुधारणा सांगायला लागलो, तेव्हा त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तुमचं नवीन चांगलंच असणार हो. पण मला एकतीस तारखेला स्टॉक जुळवून द्यायचा असतो. त्या दिवशी काही हललं तर शेठ मला विचारणार, तुम्हाला नाही.”

या काकांना आम्ही एकदा चांगलंच तोंडघशी पाडलेलं आहे. त्यांच्याकडे बोल्ट किलोने येतात आणि लाइनवर नगाने जातात. या दोन मापांची सांगड घालताना आमच्या हिशेबात पूर्णांक करण्याची चूक होती आणि महिनाअखेरीला साठा काही नगांनी कमी दिसायचा. त्यांचा संध्याकाळी फोन आला. आमच्यातल्या एकाने रात्री जागून त्यांच्याच जुन्या ब्रँचवर सहा ओळींची दुरुस्ती केली, सकाळी पाठवली, सगळ्यांनी शाबासकी दिली. ती दुरुस्ती मेनमध्ये न्यायची राहून गेली. आठ महिन्यांनी आम्ही मागे लागून त्यांना नव्या व्हर्जनवर आणलं, आणि त्या महिनाअखेरीला बोल्ट पुन्हा कमी भरले. गेलेला बग परत आला होता, आणि आणणारे आम्हीच होतो. पुठ्ठा त्यानंतर लागला. त्या काळात आम्ही पाच ब्रँच जिवंत आहेत असं सांगत होतो. काम करणारे चार जण होतो, तेही नोकरी सांभाळून.

हा धडा आमच्या फार आधी लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, म्हणजे कर्नलने, शिकला होता. कर्नलमध्ये पूर्वी सम आकड्याची मालिका स्थिर आणि विषम आकड्याची मालिका विकासाची असायची. २.४ जानेवारी २००१ मध्ये आलं, विकास २.५ मध्ये सुरू झाला आणि २.६ बाहेर पडायला डिसेंबर २००३ उजाडला. कागदावर ही विभागणी सुरेख होती. पण नवं हार्डवेअर आणि नव्या गरजा तीन वर्षं थांबतात होय? लोकांना २.५ मधल्या गोष्टी हव्या होत्या आणि २.५ वापरण्याजोगं नव्हतं. मग प्रत्येक डिस्ट्रोने, म्हणजे लिनक्स बांधून लोकांना देणाऱ्या प्रत्येकाने, त्या गोष्टी आपापल्या २.४ मध्ये मागे ओढून आणल्या. त्यांतल्या रेड हॅटने तर थ्रेडची, म्हणजे एका प्रोग्रॅममधली अनेक कामं एकाच वेळी चालवण्याची, अख्खी नवी व्यवस्था २.४ च्या कर्नलमध्ये बसवून रेड हॅट ९ मधून दिली. नावाला सगळे २.४, प्रत्यक्षात प्रत्येकाचं वेगळं, आणि एकाकडे सुधारलेला बग दुसऱ्याकडे तसाच. स्थिर ब्रँच आणि विकासाची ब्रँच यांतलं अंतर वाढू दिलं की ते अंतर कुणीतरी खासगीत भरून काढतं, आणि प्रत्येक जण आपल्या पद्धतीने भरतो.

मराठी वाचकाला हे नवं वाटू नये. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. पुढच्या जवळपास तीनशे वर्षांत नकलाकारांच्या हातून तिच्या प्रती होत गेल्या, पाठ बदलले, पदरच्या ओव्या शिरल्या. शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, एकनाथांनी प्रत शुद्ध केली आणि यापुढे कुणी आपली ओवी यात मिसळू नये अशी कडक ताकीदही लिहून ठेवली. जुळवणी जितकी लांबणीवर पडेल तितका मोठ्या अधिकाराचा माणूस तिला लागतो, हे यातून दिसतं. एकनाथांच्या तोलाचा माणूस दर तीनशे वर्षांनी मिळेल या भरवशावर प्रकल्प चालवता येत नाही.

कर्नलवाल्यांनी उपाय काढला तो आजही मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. २००४ मध्ये त्यांनी २.७ काढायचंच नाही असं ठरवलं. मेन एकच ठेवली. दोन आठवडे नव्या गोष्टी आत घ्यायच्या, मग दरवाजा बंद, त्यानंतर दर आठवड्याला एक आरसी, म्हणजे चाचणीसाठीचं कच्चं रिलीज, आणि नऊ-दहा आठवड्यांत रिलीज. मार्च २००५ पासून रिलीजनंतरच्या दुरुस्त्यांसाठी वेगळी स्थिर ब्रँच सुरू झाली, आणि तिचा एक नियम आमच्या बोल्टच्या गोष्टीवर नेमकं बोट ठेवतो: दुरुस्ती आधी कर्नलचा जनक लिनस टॉरवाल्ड्स याच्या मुख्य झाडात, म्हणजे मेनमध्ये, असली पाहिजे, तरच ती स्थिर ब्रँचमध्ये येईल. आधी मेन, मग मागे. हा नियम आम्ही पाळला असता तर काकांना पुठ्ठा कापावा लागला नसता. इथे एकच ब्रँच म्हणणारे आणि अनेक ब्रँच म्हणणारे दोघंही अर्धे बरोबर ठरतात. काम एकाच ठिकाणी चालतं, पण दिलेला शब्द पाळण्यासाठी बाजूच्या ब्रँच असतात, आणि त्यांचा ओघ एकाच दिशेने असतो.

तारखेने रिलीज करण्याला विरोध करणाऱ्यांचा मुद्दा मी हलका मानत नाही. तारीख आली म्हणून अर्धंकच्चं लोकांच्या गळ्यात मारायचं का? फायरफॉक्स या ब्राउझरने २०११ मध्ये सहा आठवड्यांचं चक्र धरलं. मार्चमध्ये आलेल्या ४ ला दुरुस्त्या मिळणं जूनमध्ये ५ आल्याबरोबर थांबलं, आणि ज्या कार्यालयांनी ४ ची चाचणी नुकती कुठे पूर्ण केली होती त्यांच्यावर ती पाण्यात गेल्याचं बघण्याची वेळ आली. त्यांचा राग रास्त होता. जानेवारी २०१२ मध्ये फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाला लांब मुदतीची वेगळी ब्रँच काढावी लागली. पण तयार झाल्यावरच रिलीज करू, या दुसऱ्या टोकाचा अनुभव काय सांगतो? डेबियन या डिस्ट्रोचं वुडी हे रिलीज जुलै २००२ मध्ये आलं आणि त्यानंतरचं सार्ज थेट जून २००५ मध्ये. मधल्या काळात, ऑक्टोबर २००४ मध्ये, डेबियनच्याच पायावर उबुंटू उभं राहिलं, दर सहा महिन्यांनी रिलीज करू असं सांगत. रिलीजची तारीख नसली की प्रत्येकाला वाटतं, आपलं फीचर याच गाडीत बसलं पाहिजे, पुढची कधी सुटेल कोण जाणे. मग सगळे आपलं सामान रेटत राहतात आणि गाडी सुटतच नाही. पुढची गाडी सहा महिन्यांनी नक्की आहे हे माहीत असेल, तर आज माघार घेणं सोपं जातं.

त्यातही डेबियनने पुढे काढलेला मार्ग माझ्या मते जास्त प्रामाणिक आहे. २००९ मध्ये त्यांनी ठरवलं की फ्रीजची, म्हणजे नव्या गोष्टी आत घेणं थांबवण्याची, तारीख आधी सांगायची आणि रिलीज मात्र दुरुस्त्या पुऱ्या झाल्यावर करायचं. आत येण्याला मुदत, बाहेर पडण्याला कसोटी. उबुंटूनेही २००६ मध्ये आपलं पहिलं लांब मुदतीचं रिलीज एप्रिलऐवजी जूनमध्ये दिलं, म्हणून तर त्याचा नंबर ६.०६. सहा आठवड्यांच्या उशिराने त्यांचं वेळापत्रक मोडून पडलं नाही.

आता सगळ्यात भक्कम आक्षेपाकडे येतो. जुनं तेच सुरक्षित, असं काका म्हणतात, आणि इतिहासात त्यांच्या बाजूने पुरावे आहेत. एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड हा दोष उघड झाला तेव्हा इंटरनेटवरचा संवाद सांकेतिक करणाऱ्या ओपनएसएसएलची १.०.१ ही मालिका पोखरली गेली होती, १.०.० आणि ०.९.८ या जुन्या मालिकांत तो दोष नव्हताच. जे मागे राहिले ते वाचले. मार्च २०२४ मध्ये फाइली आवळून लहान करणाऱ्या एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या ताज्या रिलीजमध्ये चोरदरवाजा सापडला. तो डेबियनच्या अनस्टेबल आणि टेस्टिंग या चाचणीच्या टप्प्यांत पोहोचला होता, सगळ्यांसाठीच्या स्टेबलमध्ये नाही. इथेही मागे राहणारे वाचले. हे मी मान्य करतो, आणि हे मान्य न करता जो ‘नेहमी ताजं वापरा’ असा उपदेश करतो त्याच्याशी माझं जमत नाही.

पण या दोन घटना आणखी जवळून बघा. एक्सझेडचा चोरदरवाजा अँड्रेस फ्रॉइंड या, पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसच्या डेव्हलपरला सापडला. तो स्वतः डेबियन अनस्टेबल चालवत होता. एसएसएचने, म्हणजे दूरच्या मशीनवर शिरायच्या प्रोग्रॅमने, लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढं त्याच्या लक्षात आलं आणि त्याने पिच्छा पुरवला. पुढच्या ओळीत कुणीतरी उभं होतं म्हणून मागची ओळ वाचली. सगळेच मागे राहिले असते तर तो दरवाजा वेळ लागला तरी स्टेबलमध्येही गेलाच असता. आणखी एक गोष्ट यात घेण्याजोगी आहे: त्या कटाचा एक कळीचा भाग गिटमधल्या, म्हणजे ब्रँच जिथे राहतात तिथल्या, कोडमध्ये नव्हता, रिलीजच्या टारबॉलमध्ये, म्हणजे लोकांना द्यायच्या गठ्ठ्यात, होता. ब्रँचबद्दल तासन्‌तास भांडणारे आपण टॅगपासून (रिलीजची कोडवरची खूण) पॅकेजपर्यंतच्या वाटेकडे किती लक्ष देतो? हार्टब्लीडचंही तसंच. ०.९.८ वर राहणारे २०१४ मध्ये वाचले ते नशिबाने; त्या मालिकेला दुरुस्त्या मिळणं २०१५ च्या अखेरीस थांबलं. जुनी ब्रँच सुरक्षित असते ती जुनी आहे म्हणून नव्हे. कुणीतरी अजून तिची काळजी घेत असतं तोवरच ती सुरक्षित असते.

ही काळजी म्हणजे नेमकं किती काम? पोस्टग्रेस दरवर्षी एक मोठं व्हर्जन काढतं आणि प्रत्येकाला पाच वर्षं सांभाळतं, म्हणजे कायम पाचेक ब्रँच हातात. २०१८ मध्ये लक्षात आलं की लिनक्सवर एकदा फसलेलं एफसिंक, म्हणजे डेटा डिस्कवर पोहोचवायची आज्ञा, पुन्हा बोलावलं तर यशस्वी झाल्याचं सांगू शकतं, आणि डिस्कवर न पोहोचलेला डेटा पोहोचला असं डेटाबेस समजून चालतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये याची दुरुस्ती ११, १०, ९.६, ९.५ आणि ९.४ अशा पाच मालिकांत एकदम गेली. ज्यांना कोडचा इतिहास पाठ आहे, ज्यांना या कामाचा पगार मिळतो अशी माणसं तिथे आहेत म्हणून हे जमतं. तरीही चुका होतातच. नोव्हेंबर २०२४ मधल्या १७.१ या किरकोळ रिलीजने एक्स्टेन्शनची, म्हणजे वरून जोडलेल्या पूरक भागांची, सुसंगतता बिघडवली आणि आठवडाभरात १७.२ काढावं लागलं. बॅकपोर्ट, म्हणजे मेनमधली दुरुस्ती जुन्या ब्रँचमध्ये नेणं, हे नुसतं पॅच उचलून मागे चिकटवणं असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या त्या सहा ओळी दोन व्हर्जन मागे नेऊन बघाव्यात. तिथे ते फंक्शनच नव्हतं. ऐंशी ओळी लिहाव्या लागल्या आणि त्यांत नवा बग शिरला.

खुद्द कर्नलने लांब मुदतीच्या ब्रँचचा काळ २०१७ मध्ये सहा वर्षांपर्यंत वाढवला होता आणि २०२३ मध्ये तो पुन्हा दोन वर्षांवर आणायचं ठरवलं. ज्यांच्यामागे जगातल्या बड्या कंपन्या उभ्या आहेत त्यांना हात आखडता घ्यावा लागतो. मग चार माणसांच्या प्रकल्पाने पाच ब्रँचचा शब्द कशाच्या जोरावर द्यायचा?

यावर एक उत्तर हमखास येतं: आम्ही फुकट देतो, लायसन्समध्ये कसलीही हमी नाही असं लिहिलंय, मग शब्द कसला? कायद्याने हे खरं आहे. स्वयंसेवकाकडून कुणी वसुली करू शकत नाही आणि करूही नये. पण आपणच एखाद्या रिलीजला ‘स्टेबल’ म्हणतो, लोकांना ते वापरा म्हणून सांगतो, आणि एक माणूस त्यावर आपला महिनाअखेरीचा हिशेब टांगतो. त्या माणसाला ‘ही ब्रँच पुढच्या मार्चपर्यंत, नंतर नाही’ एवढं सांगायला काहीच खर्च येत नाही. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या २.७ ची मुदत आधी २०१५ ची होती, ती २०२० पर्यंत वाढवली. वाढवणं गरजेचं होतं, कारण लोकांचं कोड खरोखर अडकलेलं होतं. मात्र वाढवलेली तारीख त्यांनी वर्षानुवर्षं आधी सांगितली आणि १ जानेवारी २०२० नंतर एप्रिलमधलं शेवटचं रिलीज देऊन थांबले. नाराज झाले असतील कुणी, पण कुणाला फसवलं गेलं नाही.

आपल्याकडे या सगळ्याला आणखी एक पदर आहे, आणि परदेशी आराखड्यांत तो सापडत नाही. बॅकपोर्ट फक्त बगांचे करा, नव्या गोष्टी जुन्या ब्रँचमध्ये नेऊ नका, हा पाठ्यपुस्तकी नियम आहे. पण जीएसटीचं काय? ई-इनव्हॉइस ऑक्टोबर २०२० मध्ये पाचशे कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना लागू झालं. मग शंभर कोटी, पन्नास, वीस, दहा, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये पाच कोटी. तीन वर्षांच्या आत सहा तारखा. ज्या कारखान्यावर ती तारीख येऊन पडते तो कुठल्या व्हर्जनवर आहे याच्याशी सरकारला काय देणंघेणं? त्याच्यासाठी हे फीचर बगाच्या दुरुस्तीहून तातडीचं असतं. मुंबईत घडलेल्या ईआरपीनेक्स्ट या, धंद्याचा कारभार सांभाळणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरने यावर काढलेली वाट मला पटते. १३ व्या व्हर्जनपर्यंत भारतीय करांचा भाग गाभ्यातच होता. १४ व्यापासून तो इंडिया कम्प्लायन्स या वेगळ्या ॲपमध्ये गेला. सरकारी तारखांच्या चालीने ते ॲप बदलतं आणि गाभा आपल्या चालीने चालतो. ब्रँच वाढवून हा प्रश्न कितीही सोडवू पाहिला तरी सुटला नसता. ज्या भागाचा बदलण्याचा वेग वेगळा, तो वेगळा काढला की बॅकपोर्टची निम्मी कटकट जन्मालाच येत नाही. आमच्या बैठकीत तीन तासांत खरं तर याच गोष्टीवर बोलायला हवं होतं.

आणि ज्यांना जुनंच हवं त्यांनी काय करायचं? त्यांचा हक्क मी नाकारत नाही, पण तो पेलायला कुणीतरी लागतं. डेबियनच्या जुन्या रिलीजना २०१४ पासून पाच वर्षांपर्यंत दुरुस्त्या मिळतात, आणि ते काम करणाऱ्यांचे पैसे मुख्यतः अशा कंपन्या देतात ज्यांना त्या जुन्या रिलीजची गरज आहे. यात कमीपणा कुणालाच नाही.

आता आमच्या प्रकल्पात दोनच ब्रँच जिवंत आहेत, आणि प्रत्येकीची शेवटची तारीख रीडमी या माहितीच्या फाइलच्या पहिल्या ओळीत मराठीत लिहिलेली आहे. गेल्या आठवड्यात चाकणच्या एका कंपनीने तिसरी, जुनी ब्रँच चालू ठेवायची विनंती केली. आम्ही नाही म्हटलं नाही. दर महिन्याला बॅकपोर्ट कोण करणार, एवढंच विचारलं. त्यांनी त्यांच्याकडची एक तरुण इंजिनियर महिन्यातले दोन दिवस द्यायचं कबूल केलंय. शनिवारी ती पहिल्यांदा येतेय. सुरुवात बोल्टच्या त्या ऐंशी ओळींपासून करायची असं ठरलंय, आणि ती ब्रँच किती दिवस चालवायची हे तिनेच सांगायचं.